आतड्याची दुर्बीण-तपासणी आणि आदल्या रात्रीची तयारी



पाऊस ओसरला की आपण काजूच्या बागेत फेरी मारतो. झाडांची वरची पालवी पाहतो, तसाच प्रत्येक बुंधाही वाकून पाहतो. बुंध्यातून डिंक वाहत असेल आणि खाली भुसा पडलेला असेल तर आत रोठा शिरला हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. आपण पटाशी घेतो, तेवढीच साल काढतो, अळी शोधून मारतो आणि झाड वाचते. पाने पिवळी पडून फांद्या वाळेपर्यंत थांबलो तर झाड हातचे जाते, हे पेडण्या-डिचोलीतला लहान पोरही जाणतो.

पण झाडाच्या बाबतीत एवढा जागरूक असलेला शेतकरी स्वतःच्या शौचात रक्त दिसले तर काय करतो? "मूळव्याध असेल" म्हणतो, तिखट कमी करतो, कोणी दिलेली पाळेमुळे उगाळून घेतो आणि वर्ष-दोन वर्षे कोणाला बोलत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंनी असेच केले. दीड वर्ष रक्त जात होते. अशक्तपणा आला, चढाच्या वाटेवर दम लागू लागला. शेवटी पोटात कळा येऊ लागल्या तेव्हा आम्ही त्यांना इस्पितळात नेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. फादरांनी घरी येऊन पवित्र तेल लावले, आणि पुढच्या पावसाळ्याची लावणी त्यांनी पाहिली नाही. त्यांचे वय तेव्हा छप्पन्न होते.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुमचे वय किती?" मी म्हटले, चौपन्नावे चालू आहे. "मग तुमचीही तपासणी व्हायला हवी. काही त्रास नसला तरी." हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. ती करून आल्यावर मला पटले की तपासणी स्वतः अवघड नाही. अवघड आहे ती लाज, आणि थोडीशी आदल्या रात्रीची तयारी. दोन्हींवर उपाय आहे.

लाज कशाची?

१९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे गोव्यात आले होते. पणजीला कांपालच्या मैदानावर त्यांच्या मिस्साला गेलेली वडीलधारी माणसे आजही आपल्या गावांत आहेत. त्यानंतर सहा वर्षांनी, १२ जुलै १९९२ रोजी, रविवारच्या आंजेलूस प्रार्थनेच्या वेळी त्यांनी जमलेल्या लोकांना स्वतःच सांगितले, की आज संध्याकाळी मी तपासणीसाठी इस्पितळात दाखल होणार आहे. तीन दिवसांनी रोमच्या जेमेल्ली इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन त्यांच्या मोठ्या आतड्यातून संत्र्याएवढी गाठ काढण्यात आली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण तशीच राहिली असती तर पुढे बिघडू शकली असती. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. त्यानंतर ते जवळजवळ तेरा वर्षे जगले, २००५ साली देवाघरी गेले आणि २०१४ साली संत म्हणून जाहीर झाले. पोप फ्रान्सिस यांच्याही मोठ्या आतड्यावर जुलै २०२१ मध्ये त्याच इस्पितळात शस्त्रक्रिया झाली होती.

ज्यांच्याकडे सारे जग पाहत होते त्यांनी हे हजारो लोकांसमोर सांगितले. आपल्याला मात्र ते घरातल्या माणसाला सांगणे जड जाते. सिराकच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखा आणि आजारपणात त्याला दूर ठेवू नका, असा उपदेश आहे. प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडेही जावे, असे शास्त्रच सांगते.

तपासणी कोणी करावी?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतील अस्तरावर आधी मोडासारखी छोटी गाठ येते. तिला डॉक्टर 'पॉलिप' म्हणतात. सगळ्याच गाठी बिघडत नाहीत, पण जी बिघडते तिला साधारणपणे दहा वर्षे लागतात. एवढा वेळ देवाने आपल्याला दिलेला आहे. त्या काळात गाठ सापडली तर दुर्बिणीतूनच कापून काढता येते आणि पुढचा रोग टळतो.

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे:

— शौचावाटे रक्त जाणे, मग ते थोडे असो वा जास्त, दुखो वा न दुखो. मूळव्याधीनेही रक्त जाते हे खरे, पण रक्त मूळव्याधीचेच आहे हे तपासल्याशिवाय ठरवू नये. मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो.

— शौचाची सवय बदलून ती तशीच आठवडेच्या आठवडे राहणे. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब.

— कारण नसताना वजन घटणे, किंवा रक्त कमी होणे. विशेषतः पुरुषाचे, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त कमी झाले तर केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये. रक्त कुठून जाते ते शोधावे.

— आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलगा-मुलगी यांपैकी कोणाला हा कॅन्सर झालेला असणे. अशांनी त्रास नसला तरी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाईकाला ज्या वयात रोग सापडला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यावे. माझे चाळीस केव्हाच उलटले होते.

अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांनाच आतड्याची तपासणी करून घेण्यास सांगतात. आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा कमी आहे. सरकारच्या कॅन्सर-तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. म्हणून कोणी आपल्याला बोलावणार नाही. आपणच पाऊल उचलले पाहिजे. पेडणे, डिचोली, साखळी येथील सरकारी आरोग्य केंद्रात आधी दाखवा. तेथले डॉक्टर गरज वाटल्यास बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चिठ्ठी देतात. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते बरोबर न्या आणि कशाकशाला चालते ते आधीच विचारून घ्या.

आधी डॉक्टरांना काय सांगावे?

तारीख मिळाली की आपण घेत असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या आणि केव्हा थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनाने बंद करू नका, हृदयरोग्याला ते धोक्याचे आहे. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन उपाशी दिवशी किती घ्यायचे ते लिहून घ्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे व चिकट होते, म्हणून त्या बहुधा आठवडाभर आधी थांबवतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर तो आवर्जून सांगा, कारण जुलाबाचे औषध त्याप्रमाणे निवडावे लागते. दुकानातून आपणच एखादे रेचक आणून घेऊ नये.

माझी तारीख उपवासकाळात आली, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. बोंडू रोज गोळा करावे लागतात, भट्टी थांबत नाही. मी पत्नीला म्हटले, पावसाच्या तोंडावर जाऊ. ती म्हणाली, "भावोजींनीही असेच म्हटले होते." त्यावर मला उत्तर सुचले नाही.

तीन दिवस आधीचे जेवण

दुर्बिणीला आतडे दिसायचे तर आत काही उरता कामा नये. बी, साल आणि तंतू लवकर बाहेर पडत नाहीत. म्हणून तीन दिवस आधीपासून पुढील गोष्टी बंद: तांबडी भाजी, भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी, चिबूड, पेरू, फणस, अळसांदे, कुळीथ, नाचणी, तीळ, काजूगर आणि खवलेले खोबरे. उकड्या तांदळाला कोंडा असतो, म्हणून तेवढे दिवस सुरय तांदूळ वापरावा. आपल्याला रोजच्या उकड्या पेजेची आठवण येते, पण तीन दिवसांचाच प्रश्न आहे.

चालते काय? सुरय तांदळाचा मऊ भात, पांढरा पाव, अंडे, काट्याविना वाफवलेले मासे, सोललेला उकडलेला बटाटा, थोडे दही. मसाला बेताचा.

आदल्या दिवशी सकाळी हलके खाऊन नंतर घन पदार्थ पूर्ण बंद. त्यानंतर ज्या पेयातून आरपार दिसते तेच प्यावे: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, साखर-मीठ घातलेले पाणी, बिनदुधाचा चहा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याबद्दल आधी विचारावे. सोलकढी, कोकमाचे सरबत किंवा कोणतेही तांबडे पेय घेऊ नये. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो आणि डॉक्टरांची फसगत होते. हुर्राक आणि फेणी अर्थातच नाही. हंगामात हे जड जाते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

औषध पिण्याची रात्र

औषध म्हणजे पांढरी पूड. बहुतेक ठिकाणी ती दोन लिटर पाण्यात विरघळवून प्यायला सांगतात. अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, असे दोन हप्ते केलेले बरे. आतडे अधिक स्वच्छ होते आणि पोटावरही ताण कमी येतो. आपल्या रुग्णालयाने जी वेळ आणि जे माप दिले असेल तेच पाळावे.

हे औषध आतड्यात पाणी धरून ठेवते आणि आतील सर्व धुऊन काढते. पावसाळ्यापूर्वी आपण पाट उपसतो, त्यातलाच हा प्रकार. अर्धा पाट उपसून सोडला तर पाणी जसे अडते, तसे अर्धे औषध पिऊन भागत नाही. पुष्कळ लोक चव नकोशी म्हणून उरलेले ओतून देतात. मग आतड्यात घाण राहते, डॉक्टरांना नीट दिसत नाही, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

चव खारट व किंचित गोडसर असते. पहिला पेला सहज जातो, तिसऱ्याला तोंड फिरते. मला ज्यांचा उपयोग झाला त्या युक्त्या सांगतो. औषध सकाळीच कालवून फ्रीजमध्ये थंड केले. नळीने, जिभेच्या मागे सोडून प्यालो. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखली. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, असे एका लिटरचे पाच पेले होतात. माझ्या पत्नीने जपमाळ काढली आणि प्रत्येक पेल्यानंतर एक रहस्य म्हटले. पाच रहस्ये संपली तेव्हा पाच पेलेही संपले. घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, आणि बंधूंचीही आठवण त्यात झाली.

मळमळले तर अर्धा तास थांबावे, अंगणात दोन फेऱ्या माराव्या, मग पुन्हा सुरू करावे. सारखी उलटी होऊ लागली, पोट फुगून दुखू लागले, किंवा भोवळ आली तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे.

साधारण तासाभरात पोटात गुरगुर सुरू होते आणि मग उसंत मिळत नाही. म्हणून आधीच तयारी करावी. संडास घराबाहेर असेल तर वाटेवर दिवा ठेवावा, पायात अडकेल असे काही ठेवू नये. पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्या, कारण नळाला पाणी नसेल तेव्हाच गरज पडते. कागदाने पुसू नये, पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे आणि खोबरेल तेल लावावे. नाहीतर दहाव्या खेपेला आग होते. म्हाताऱ्या माणसाला एकटे ठेवू नये, रात्री उठताना झोक जाऊ शकतो. मध्ये मध्ये साखर-मिठाचे पाणी घेत राहावे.

तयारी पूर्ण झाली हे कसे ओळखावे? शेवटी शौच लघवीसारखे पिवळट आणि स्वच्छ येते. गढूळ किंवा तपकिरी येत असेल तर रुग्णालयात पोचल्यावर परिचारिकेला स्पष्ट सांगावे.

घर ते रुग्णालय

शहरातल्या माणसाला ही अडचण नसते. पेडण्याहून किंवा सत्तरीच्या सीमेवरून बांबोळीपर्यंत जायचे, आणि पोटात औषध! माझ्या मनात याचीच सर्वांत जास्त धास्ती होती. तारीख घेतानाच मी सांगितले, "गाव लांब आहे, वेळ थोडी उशिराची द्या." अकराची वेळ मिळाली. पहाटे साडेचारला दुसरा हप्ता सुरू केला, पावणेसहाला संपवला. आठपर्यंत पोट शांत झाले आणि मग निघालो. रुग्णालयाने सांगितलेल्या वेळेनंतर पाण्याचा घोटही घेतला नाही. बसने जाऊ नये, शेजाऱ्याची गाडी मागावी. जुना पंचा आणि एक बदलायचे कपडे बरोबर असू द्यावे. म्हापसा-पणजीला नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे राहणे सर्वांत उत्तम.

टेबलावर

लोक विचारतात, "किती दुखते?" मला आठवतच नाही. मागून उघडा असलेला अंगरखा दिला, डाव्या कुशीवर झोपवले, हाताच्या शिरेत सुई दिली. "बाबा, आता डोळा लागेल," असे परिचारिका म्हणाली, आणि पुढचे ऐकले ते, "झाले, उठा." दुर्बीण म्हणजे बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब. सगळे पाहायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिसावे म्हणून आत हवा भरतात. ती हवा नंतर सुटते, तेव्हा लाजू नये. तेथे सर्वांचेच तसे होत असते.

या तपासणीत धोका अजिबात नाही असे नाही. क्वचित रक्तस्राव होतो, फार क्वचित आतड्याला छिद्र पडते. म्हणून घरी आल्यावर पोटात जोराने दुखले, ताप आला किंवा बरेच रक्त गेले तर त्याच दिवशी परत जावे, सकाळची वाट पाहू नये. गुंगीच्या औषधामुळे त्या दिवशी गाडी चालवू नये, माडावर चढू नये, पंपाला हात लावू नये, जमिनीच्या कागदावर सही करू नये. बरोबर एक जाणते माणूस हवेच.

घरी आल्यावर पत्नीने पेज वाढली. इतकी चवदार पेज मी आयुष्यात खाल्ली नसेल.

शेवटी

माझ्या आतड्यात दोन गाठी सापडल्या. एक मुगाएवढी, एक काजूच्या बीएवढी. दोन्ही त्याच वेळी काढल्या. आतील अस्तर कापलेले दुखत नाही, त्यामुळे मला काही कळलेही नाही. दहा-बारा दिवसांनी अहवाल आला. मोठ्या गाठीत बदल सुरू झाले होते, पण कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षांनी पुन्हा या." मी तारीख पंचांगावर नव्हे, चर्चच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, म्हणजे दर रविवारी नजरेस पडते.

बंधूंच्याही आतड्यात एके काळी अशीच मुगाएवढी गाठ असेल. ती काढायला अर्धा तास पुरला असता.

आता रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आपण पावसाबद्दल, काजूच्या दराबद्दल, रानडुकरांनी केलेल्या नासाडीबद्दल बोलतो, तेव्हा ही गोष्टही बोलावी. ज्याला रक्त जाते तो स्वतःहून सांगणार नाही. त्याचा चेहरा उतरलेला दिसला तर आपणच विचारावे. माझी दोन मुले आहेत. त्यांना मी ही हकीकत सांगून ठेवली आहे आणि त्यांनी कोणत्या वर्षी तपासून घ्यायचे तेही डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. काजूचा बुंधा वाकून पाहायला आपण त्यांना शिकवतो. स्वतःच्या शरीराकडे पाहायलाही शिकवू या.